सुहासचं नितळ पाणी

माझा मित्र सुहास गेल्याचा त्याच्या बायकोचा, नलूवहिनींचा फोन आला तेव्हा मी जुईनगरच्या घरी भेंडी चिरत होतो. बोटांना बुळबुळीत तारा लोंबत होत्या, आणि तशाच हातांनी डोळे पुसत मी ढसाढसा रडलो… माझं ते ध्यान बघून तो पोट धरून हसला असता. याच चिकट्याने त्याने मला जन्मभराची किळस आणली होती.

करंजाडेला त्याच्या सोसायटीत टँकरचं पाणी यायचं, चहासारखं गढूळ. रंगांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या या केमिस्टने हट्ट धरला, की तुरटी न वापरता, नुसत्या झाडापाल्याने ते नितळ करायचं आणि बिल्डिंगला पाजायचं. गॅलरीत बरण्या लागल्या. एकीत निवळीची बी उगाळलेली, एकीत शेवग्याच्या बियांची पूड, एकीत निवडुंगाचा गर. भेंडीच्या बरणीत तर चक्क हिरवट शेंबूड तरंगत असे. "वास घे, वास घे!" तो खुशीत ओरडायचा. मी घ्यायचो आणि बेसिनकडे धावायचो. शेवटी शेवगा जिंकला. गाळाचे गोळे जमून तळाशी बसले, वर पाणी लख्ख. पण वहिनी त्याला तोंड लावेनात. "अहो, आधी सोसायटीला पाजा, मग बघू!"

सोसायटीच्या मीटिंगसाठी याने दोन दिवस आधीच बरणी भरली. वहिनींचा नियम असा, की कालचं पाणी शिळं, सकाळी ओतून द्यायचं. सुहासला तो खुळेपणा वाटे. त्यांच्या हाती लागू नये म्हणून त्याने बरणी कपाटात स्वेटरांमागे दडवली. मीटिंगमध्ये जादूगाराच्या थाटात वरचा रुमाल ओढला, झाकण उघडलं… आणि मेलेल्या खेकड्यांचा वास सुटला! बियांचा अंश पाण्यात राहून कुजला होता. पहिल्या रांगेतल्या काकूंना उमासे आले. चेअरमन नाक दाबून म्हणाले, "साहेब, हे पाणी आहे की गटार?" सगळे खिदळले. घरी येताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "शिळं होतं हो. मला विचारायचंत ना."

त्यानंतर तो रोज ताजं करी, उकळून गार करी, आणि पेला घेऊन मजल्यामजल्यावर फिरे. कुणी दार उघडलं नाही. वहिनींनीही घोट घेतला नाही. एका दुपारी झोपेतच गेला…

शोकसभेत तेच चेअरमन "आमचे जलतज्ज्ञ" म्हणत हुंदके देत होते. हातात विकतच्या पाण्याची बाटली! एवढी किळस मला भेंडीच्या बरणीचीही आली नव्हती.

परवा त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी विचारलं, "भावजी, कुठलं देऊ? विकतचं, की ह्यांचं?"

"तुम्ही करता?"

"सकाळीच केलंय. उकळलंय."

त्यांनी दोन पेले आणले. मी घोट घेतला; घशात कच्चा मुळा उतरल्यासारखं झालं. वहिनींनी डोळे गच्च मिटून पहिला घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं.

"शी! कसलं घाण लागतं हो हे," त्या म्हणाल्या, आणि थांबत थांबत त्यांनी पेला पार रिकामा केला.