सुमारे सदतीस इंच

आमच्या हॉलच्या मधोमध एक कपाट उभं आहे, आणि ते तिथे उभं असण्याला मी जबाबदार आहे. मिस्त्री, मशीन आणि टेम्पोवाला, तिघंही निर्दोष आहेत. (मशीन माणसांत मोजत नाहीत, पण त्या दिवशी आमच्यात सगळ्यात शहाणं तेच होतं.)

मी नाशिक रोडला राहतो आणि लोकांची स्वयंपाकघरं कॉम्प्युटरवर काढून देतो. पंधरा वर्षं हाच धंदा. मागच्या वर्षी आई गेली आणि वडील, म्हणजे आमचे नाना, गावी देवळ्याच्या घरात एकटे उरले. मी दर रविवारी जाऊन 'आता आमच्याकडे चला' म्हणायचो आणि ते दर रविवारी कांद्याचा विषय काढायचे. एका रविवारी मात्र त्यांनी कांद्याचा विषय काढला नाही.

"तुझ्या आईचं कपाट येईल का तिथं?"

"येईल की. हॉलमध्ये ठेवू."

"हॉलात नाय. सैपाकघरात. दोन्ही अंगानं टेकून, इथं हाय तसं." आणि वर म्हणाले, "बसलं तर मी राहीन. नाय बसलं तर मी आन् कपाट, दोघं बी माघारी."

म्हणजे नाना आमच्याकडे राहणार की देवळ्याला एकटे चहा करून पिणार, हे स्वयंपाकघरात कपाटासाठी काढायच्या कोनाड्याच्या रुंदीवर येऊन ठेपलं. मला तर हसूच आलं. जगात दुसरं कुठलंही काम मला नीट येत नाही, हे मनीषा, म्हणजे माझी बायको, चारचौघांत सांगते. पण कोनाडा? तो तर मी झोपेत काढला असता. (काढलाही तसाच, हे पुढे कळेलच.)

नानांनी माप दिलं ते सुतळीने. त्यांनी कांदा साठवायच्या चाळी बांधल्या त्या गाठी मारलेल्या सुतळीवर, आणि त्यांच्या एकाही चाळीचा वासा कधी तोकडा पडला नाही. कपाटाच्या रुंदीला त्यांनी दोन गाठी मारल्या आणि सुतळी माझ्या खिशात कोंबली.

"आकडा सांगा ना नाना, लिहून घेतो."

"आकडा नको. आकडा इसरतो मानूस. सुतळी ने."

घरी येऊन मी सुतळीला टेप लावली. छत्तीस इंच आणि पाच सूत. (आठ सुतांचा एक इंच, आमच्याकडचे मिस्त्री अजून सुतातच बोलतात.) मी उदार मनाने ठरवलं, सदतीस धरू. तीन सूत मोकळी जागा राहील, कपाट लोण्यासारखं आत जाईल. सुतळी ड्रॉवरमध्ये टाकली आणि कॉम्प्युटरसमोर बसलो.

आता माझ्या अकलेचे दोन नमुने सांगतो. पहिला असा, की मी सॉफ्टवेअरला आकडे पूर्ण इंचात दाखवायला सांगून ठेवलं होतं. अपूर्णांक पाहिले की गिऱ्हाइकं घाबरतात, आणि खरं सांगायचं तर मलाही ते चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसारखे वाटतात. दुसरा असा, की रुंदी टाइप करायची असते, ती मी केली नाही. पंधरा वर्षांचा अनुभव! कोनाड्याची कड माऊसने धरली आणि ओढत नेली. पस्तीस, छत्तीस... आणि पडद्यावर सदतीस उमटल्या उमटल्या माऊस सोडला. आकड्याच्या आधी एक छोटी नागमोडी शेपटी दिसत होती. ती मला गेली तीन वर्षं दिसत होती. ती नक्षी आहे असा माझा समज होता.

फाइल सातपूरच्या एका वर्कशॉपला पाठवली. तिथलं मशीन फाइल वाचून थेट प्लायवूड कापतं, मध्ये कुणी माणूस टेप लावत नाही. सोमनाथ मिस्त्रींनी येऊन सगळं उभं केलं. डावीकडे फ्रिजचं युनिट, उजवीकडे डब्यांचं, दोन्ही भिंतींना घट्ट टेकलेली, आणि मध्ये आईच्या कपाटाची रिकामी जागा. मी त्या जागेचा फोटो देवळ्याला पाठवला. नानांचं उत्तर आलं, "सुतळी लावली का?" मी अंगठा पाठवला.

ठरल्या दिवशी टेम्पो आला. पुढच्या सीटवर नाना, मागे गाद्यांत गुंडाळलेलं कपाट. लिफ्टमध्ये ते मावेना, म्हणून चौघांनी जिन्याने तीन मजले चढवलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत निम्मी सोसायटी मागे जमली होती. स्वयंपाकघरात कपाट कोनाड्यासमोर उभं केलं, मी 'ढकला' म्हणालो, आणि ते टक् असं वाजून थांबलं.

"तिरपं झालंय," मी म्हणालो.

सरळ केलं. टक्.

"फरशीचा उतार असेल."

फरशी बघितली. फरशी बिचारी सरळ होती. शेजारचे कुलकर्णी म्हणाले साबण लावा, त्यांच्या सौ. म्हणाल्या खोबरेल लावा. मनीषाने दोन्ही लावलं. आता कपाट टक् न वाजता थांबायला लागलं.

"सदतीस आहे ना हो नक्की?" मनीषाने विचारलं.

मी अपमानित होऊन लॅपटॉप आणला आणि सगळ्यांसमोर ड्रॉइंग उघडलं. "हे बघ. सदतीस." कुलकर्णींच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने शेपटीवर बोट ठेवलं. "काका, याचा अर्थ 'सुमारे' असतो." मी हसलो. मग हळूच सेटिंगमध्ये जाऊन अपूर्णांक चालू केले. आकडा बदलला. साडेछत्तीस. म्हणजे छत्तीस इंच आणि चार सूत.

"कॉम्प्युटर खोटं बोलला?" कुलकर्णींनी आशेने विचारलं.

"नाही. तो राउंड करतो. साडेछत्तीस झालं की सदतीस दाखवतो. आत मात्र खरा आकडाच ठेवतो, आणि मशीन तो आतला वाचतं."

नाना पडद्याकडे वाकले. ते म्हणाले, "म्हंजे अर्धा इंच त्यानं नुसता दाखवला."

"हो."

"मंग तो अर्धा कोन देनार?"

मी ड्रॉवरमधून सुतळी आणली. ती नानांनी कोनाड्यावर ताणली. एक गाठ आत बसली, दुसरी प्लायवूडवर येऊन थांबली. एका सुताने कमी पडलं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. नानांनी पायांत चपला सरकवल्या.

तेवढ्यात कपाट बसवायला आलेल्या सोमनाथ मिस्त्रींनी रंधा काढला. "साहेब, एवढं काय त्यात? कपाटालाच या बाजूने एक सूत घासतो. कळणार पण नाही."

"त्याला हात नको लावू," नाना म्हणाले. आवाज मोठा नव्हता. कपाटाच्या उजव्या अंगावर, कमरेच्या जरा खाली, त्यांनी तळवा ठेवला. "शेवटी शेवटी तिचे गुडघे लय दुखायचे. खाली बसून निवडटिवड करायची, आन् उठताना हितं धरायची. रोज."

मी वाकून पाहिलं. बाकीचं लाकूड खरबरीत झालं होतं, तेवढीच जागा काळपट आणि गुळगुळीत होती. तिथे हात ठेवला तर तो बरोबर बसला. दार किलकिलं झालं होतं आणि आतून मेतकुटाचा वास येत होता, वर्षभराने, कोणी मेतकूट केलेलं नसताना. मला त्या क्षणी आई इतकी हवीशी झाली की आकडा, कोनाडा सगळं विसरायला झालं. साबण आणि खोबरेल लागलेल्या हातांनी मी डोळे पुसले. (डोळे लाल झाले ते साबणाने, असं मी अजून सांगतो.)

मिस्त्रींनी रंधा पिशवीत ठेवला. "मग डब्यांचं युनिट उतरवून परत कापावं लागेल. आठ दिवस लागतील."

नाना पायांतल्या चपलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कपाट आठ दिवस एकलं कसं ठिवायचं? बसेपर्यंत थांबतो मी."

टेम्पो रिकामा गेला. कपाट हॉलमध्ये आलं, टीव्हीच्या आडवं. आम्ही आता बातम्या फक्त ऐकतो. नाना रोज सकाळी चहाआधी कपाटाचं दार उघडतात, काही काढत नाहीत, काही ठेवत नाहीत, लावून टाकतात. मी पेपराआडून बघतो. ते दार वाजलं की मला घर भरल्यासारखं वाटतं, आणि मग आई नाही हेही त्याच वेळी आठवतं.

तेव्हा मी एक युक्ती केली. दर सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना मी सोमनाथ मिस्त्रींना फोन करून सांगायला लागलो, "या आठवड्यात नको, जरा अडचण आहे." पाहुणे, ताप, नळाचं काम, जे सुचेल ते. कोनाडा दुरुस्त झाला, कपाट बसलं आणि काही दिवसांनी नानांना इथे करमेनासं होऊन ते देवळ्याला निघाले तर? त्यापेक्षा न बसलेलंच बरं होतं, बसेपर्यंत तर ते थांबणारच होते. असे सात महिने गेले. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

परवा भाजीबाजारात मिस्त्री भेटले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात जोडले.

"साहेब, तुम्ही फोन नाही केला तरी चालेल. नाना शनिवारीच सांगतात, 'या आठवड्याला नको येऊ, पोरगा घाई करंल पन तू ऐकू नको.' रविवारी वहिनींचा येतो, त्या म्हणतात, 'या आठवड्यात नको, आणि यांना कळू देऊ नका.' सोमवारी तुमचा येईपर्यंत मी दुसरीकडे काम धरलेलं असतं."

घरात लबाड काय तो मी एकटाच, अशा समजुतीत सात महिने काढले. निघालो तिसरा, आणि तोही फोनचे पैसे वाया घालवणारा.