बनियनवरचा डाग

सर्जरीच्या ओपीडीत नर्स म्हणून माझी इतकी वर्षं गेली, की आता आम्ही चौघी जुन्या मैत्रिणी जमलो आणि कुणी नुसतं ‘गोपाळ ड्रायव्हर’ म्हटलं, तरी चहा थंड होईपर्यंत किस्से संपत नाहीत!

गोवा घटक राज्य झालं, त्या सुमाराची गोष्ट. गोपाळदादा मूळचे सावंतवाडीकडचे, डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवायचे. त्यांना ओढून आणलं ते बायकोनं, सुमनवहिनींनी. बनियनवर छातीशी तपकिरी डाग पडायचा.

“खाणीची माती ती!” गोपाळदादा म्हणाले.

“माती सगळ्या बनयनाक लागता. हो डाग रोज एकाच जाग्यार कसो?” वहिनींनी विचारलं.

आमच्या सर्जन शैला मॅडमनी तपासलं. बोंडाखाली कडक गाठ! म्हणाल्या, “अर्धं निदान वहिनींनी केलंय. उरलेलं सुई करेल.”

*

रिपोर्ट आला. स्तनाचा कॅन्सर.

गोपाळदादा ताडकन उभे राहिले. “बायकांचो रोग दादल्याक? डिचोलीत तोंड खंय दाखवू?”

“तोंड नंतर दाखवा,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “आधी ऑपरेशनची तारीख ठरवूया.”

*

भरती करताना फॉर्म भरायला मी. छापील फॉर्म, बायकांसाठीचाच! मी नवी होते, मान वर न करता विचारत गेले, “पाळी नियमित आहे?”

“आसा की! ह्या हप्त्यात सकाळची, फुडल्या हप्त्यात दोनपारची!”

मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. रिपोर्ट आल्यापासून गोपाळदादाही त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

*

ऑपरेशन झालं, मुंबईला जाऊन रेडिएशनचा शेक घेतला, मग रोजची गोळी सुरू झाली. त्या गोळीनं अंगाची लाही व्हायची, बसल्या जागी घाम फुटायचा.

“मॅडम, इंजिन गरम जाता!”

वहिनींची पाळी त्याच सुमारास गेलेली. “माका वर्षभर असाच जाता,” त्या म्हणाल्या. “आता तुमका कळला मा!”

गोळी मात्र गोपाळदादांनी एक दिवसही चुकवली नाही.

*

तीन वर्षांनी ते तपासणीला आले होते. बाकावर हळर्ण गावची एक बाई. छातीत गाठ, पण तपासू देईना. मॅडमनी समजावलं, मी समजावलं. पदर घट्ट लपेटून ती चपला घालून निघाली.

गोपाळदादा उठले. शर्टाची बटणं सोडली आणि भरल्या ओपीडीत छातीवरचा आडवा व्रण उघडा केला.

“बाये, मी दादलो आसून दाखयलंय. तू कित्याक लाजतंस?”

ती बघत राहिली. मग तिनं चपला काढल्या आणि पडद्याआड गेली.