चमक नसलेल्या टाइल्स

माझ्या सासूबाईंच्या पोटात काही राहत नसे. सुनेच्या हातून आमटी खारट झाली, पुतण्या नापास झाला, स्वतःचं पोट बिघडलं, सगळं दुपारपर्यंत भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गावात अर्ध्या लोकांना कळायचं. "पोटात ठेवलं का कुजतं," असं त्या म्हणायच्या. लग्नानंतर पहिले काही महिने मी त्यांच्यापासून लपत फिरायचे. पुढे सवय झाली, जीवही जडला. मग एका वर्षी त्यांच्या छातीत गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन होऊन डावा स्तन काढावा लागला. त्याबद्दल मात्र त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. विषय निघाला की उठून आत जायच्या.

त्याच सुमारास शेतावर गोडाऊन उभं राहिलं, त्याचं भाडं येऊ लागलं आणि आमचं नवं घर बांधून होत आलं. शॉवरचं पक्कं न्हाणीघर आमच्याकडे पहिल्यांदाच होणार होतं. "भिंतीच्या टाइल्स आईच्या पसंतीच्या," असं माझ्या नवऱ्याने, दिनेशने, ठरवलं. आम्ही तिघं भिवंडीला सलीमभाईंच्या दुकानात गेलो.

सलीमभाई एकेक टाइल काढून मांडत होते. निळ्या, गुलाबी, डॉल्फिनच्या चित्राच्या, सगळ्या आरशासारख्या चकचकीत. आई प्रत्येकीवर वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "ही नको."

दिनेश वैतागला. "आई, न्हाणीघर हाय, देवघर न्हाय! एक तरी पसंत कर."

आई पुढे सरकल्या. भिंतीला टेकवलेल्या मोठ्या काळ्या टाइलसमोर त्या थांबल्या. तिच्यात त्या अख्ख्या दिसत होत्या. त्यांनी हळूच पदर डाव्या बाजूला ओढून घेतला, आणि मला उमगलं.

"सलीमभाई, ज्यात माणूस दिसत नाही अशी आहे का?" मी विचारलं.

"मॅट है ना भाभी. पण डाग धरते, रोज घासना पडेगा."

"मी घासेन."

सलीमभाईंनी मातकट रंगाची एक काढली. दिनेशने नाक मुरडलं. आईंनी मात्र तिच्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "हीच."

परतताना रिक्षात दिनेश पुढे बसला होता. आई माझ्या कानाशी आल्या. "डोक्यावर पानी घेतलं का डोले मिटतात गो. पन मग उघडायला लागतात ना." एवढंच. घर येईपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले.

दोनेक वर्षांनी दुखणं उलटलं. त्यांना उभं राहवेना, तेव्हा मी त्यांना आंघोळ घालू लागले. सुरुवातीला त्या स्टुलावर माझ्याकडे पाठ करूनच बसायच्या. एका सकाळी आपणहून वळल्या.

"बघ एकदाचं. लय वाईट दिसतंय का?"

"व्रण आहे, आई. चांगला भरलाय."

मी साबण लावत राहिले. त्या रडल्या. मग म्हणाल्या, "पानी जरा अजून कढत घाल."

त्या गेल्या तेव्हा बायकांनी शेवटच्या आंघोळीसाठी अंगणात पाट मांडला, चारी बाजूंनी लुगडी धरली. मी पुढे झाले. "इथे नको."

"अगो, रीत हाय ती," थोरल्या चुलतसासूबाई म्हणाल्या.

"असू दे. त्यांना आत न्यायचं."

दिनेशने माझ्याकडे पाहिलं. काही न विचारता त्याने आईंना उचललं आणि न्हाणीघरात आणून ठेवलं. आत मी आणि आईंची धाकटी बहीण, दोघीच थांबलो. दिनेश बाहेर पडताच मी कडी लावली, आणि त्यांना नीट लुगडं नेसवून होईपर्यंत कुणालाही दार उघडलं नाही.