अर्ध्या वाटीचा जगदेव

मेडशीत जगदेवचं नाव निघालं की लोक आधी आकडा सांगायचे. आकडा रोडग्यांचा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले हे कणकेचे गोळे साधा माणूस दोन खातो आणि हात टेकतो. जगदेवने हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यात एकदा अकरा खाल्ले होते, वर वांग्याच्या भाजीचं भांडं पुसून. ज्यांनी ते पाहिलं नव्हतं तेही शपथेवर सांगायचे. आजूबाजूच्या गावांतून त्याला पंगतीचं खास बोलावणं यायचं, लोक कोंडाळं करून उभे राहायचे. खाणं हीच त्याची गावातली इभ्रत होती. पुढे वजन एकशे बेचाळीस किलोवर गेलं, गुडघे बसले, साखर चारशेला टेकली, तेव्हा त्या कोंडाळ्यातलं कोणी दवाखान्यात सोबत आलं नाही.

जगदेवचा बाप साखरेनेच पन्नाशीच्या आत गेला होता आणि जगदेव सत्तेचाळीसचा झाला होता. बायकोने, प्रयागबाईने, ऑपरेशनचा धोशा लावला. शेवटी गेल्या उन्हाळ्यात अकोल्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि पोटाचा मोठा भाग काढून टाकला. उरलं ते केळ्याएवढं. डॉक्टरांनी बजावलं होतं की हेही हळूहळू ताणतं, खाणं सुटलं की वजन परत येतं आणि वजनामागे साखर येते. वर्षभरात पन्नास किलो उतरले. ऐकणाऱ्याला वाटेल, सुटला माणूस. कशाचा सुटतो!

अर्धी वाटी वरण संपवायला अर्धा तास. जेवताना पाण्याचा घोट नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. मे महिन्यात वावरातून भाजून आल्यावर तांब्या तोंडाला लावून गटागटा पिता येत नाही, ही काय शिक्षा आहे ते ज्याचं त्यालाच ठाऊक. एक घास घाईत गेला की छातीत अडकून बसतो. फणीत केसांचा पुंजका येतो. दंडाची कातडी लोंबते, म्हणून उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा. आणि वर लोक. एक विचारतो, मोठा आजार लागला का. दुसरा म्हणतो, कापून घेऊन बारीक झाला, त्यात काय मर्दुमकी. ऑपरेशन म्हणजे काय हे जगदेवने तीस जणांना तीस वेळा सांगितलं आणि एकतिसाव्यावर तो खेकसला. मग गावात झालं की जगदेव चिडका झाला.

दवाखान्याने ऑपरेशनवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. त्यात आहाराची बाई ब्रोकोलीचे फोटो टाकायची. मेडशीच्या बाजारात ब्रोकोली कुठे मिळते हे तिने एकदाही सांगितलं नाही.

सांगावं न लागता समजणारा माणूस एकच होता, कारंज्याचा गोविंदसिंग. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, ऑपरेशन तीन वर्षांपूर्वीचं. दवाखाना दर महिन्याला ऑपरेशनवाल्यांची बैठक घ्यायचा, तिथे पहिल्याच वेळी त्याला स्टेजवर बोलावलं होतं. त्याने आपली जुनी राखाडी पँट आणली होती आणि तिच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून दाखवले होते. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. उतरल्यावर त्याने जगदेवचा नंबर घेतला. तेव्हापासून रोज सकाळी आठच्या ठोक्याला फोन. प्रोटीनची पावडर घेतली का, गोळ्या घेतल्या का, जेवताना पाणी नाही ना प्यायलास. जगदेव कुरकुरायचा, पण त्याच्याशी खोटं बोलायचा नाही. दिवस हातून सुटू नये म्हणून त्याच्याजवळ एवढाच एक आधार होता.

यंदा भंडारा आला. मेडशीतली रीत अशी पडून गेली होती की नैवेद्याचा पहिला रोडगा जगदेवच्या पानात पडायचा आणि त्याने तो मोडल्यावरच पंगत हात लावायची. जगदेव म्हणाला, मी बसतो, पण घासभर घेईन. वाढप्यांचा म्होरक्या इंद्रभान तुपाची बादली घेऊन समोर उभा राहिला.

"पोट कापलं भाऊ, भूक थोडीच कापली," तो म्हणाला. "देवाचा हाय. नाई म्हनू नको."

दीडशे माणसं हात आवरून बसली होती. पोरं भुकेने कावली होती. जगदेवने रोडगा मोडला. घासावर थांबायला हवं होतं, पण इंद्रभान बादली घेऊन तिथेच उभा, आणि अर्धा रोडगा पोटात गेला. पाच मिनिटांत छाती आवळून आली. देवळामागे ट्रॉलीला धरून तो ओकत राहिला, डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. इकडे इंद्रभान पंगतीत सांगत होता की डॉक्टरनं चांगला माणूस खराब केला.

जगदेवला इंद्रभानचा राग आला, गावाचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण तिसऱ्या घासाला तो रोडगा त्याला फार गोड लागला होता. चौथा घास इंद्रभानसाठी नव्हता. दुसऱ्या दिवशी आठ वाजता गोविंदसिंगने विचारलं, तेव्हा तो पहिल्यांदा खोटं बोलला. म्हणाला, सगळं ठीक. ते खोटं दोन दिवस त्याला टोचत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने एसटी धरली, जवळच्या मालेगावला बदलली आणि तोंडावर कबूल करायला थेट कारंजा गाठलं.

गोविंदसिंग काउंटरमागे होता. समोर कागदावर दोन कचोऱ्या, एक अर्धी खाल्लेली, बाजूला उसाच्या रसाचा मोठा ग्लास. जगदेवला पाहून तो गडबडीने उठला, आणि जगदेवचं लक्ष त्याच्या कमरेकडे गेलं. अंगावर तीच राखाडी पँट होती. पट्टा नव्हता. पट्ट्याची गरजच नव्हती.

बैठकांना तो सहा महिने का येत नव्हता, ते जगदेवला आत्ता कळलं. दुकानात गर्दी असते, असं तो सांगायचा. जगदेवच्या डोक्यात तिडीक गेली.

"रोज सकाळी मले शिकवून राह्यला, अन् सोता हे काय करून राह्यला?"

गोविंदसिंगने कचोऱ्यांचा कागद गुंडाळला, पुन्हा उलगडला. आधी त्याने दुकानाची सबब सांगितली, येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर घ्याव्या लागणाऱ्या चहाची सांगितली. मग ते सोडून दिलं.

"तुले फोन करतो ना, तेवढा वेळ मी बी नेमानं राह्यतो," तो म्हणाला. "मले कोनी फोन करत नाई, जगदेव. टाळ्या झाल्या, अन् साऱ्याले वाटलं हा पास झाला."

वर्षभर जगदेवनेही कधी उलटून विचारलं नव्हतं. आपण अर्धा रोडगा खाल्ला, ओकलो आणि खोटं बोललो, एवढं त्याने सांगून टाकलं आणि चहा न घेता स्टँडकडे निघाला. परतीच्या बसमध्ये तो मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होता. इंद्रभानला, टाळ्या पिटणाऱ्यांना, त्या पँटीला. टाळ्या पिटणाऱ्यांत तो स्वतःही होता, म्हणून राग मेडशी आली तरी उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले. फोन वाजला नाही. सव्वाआठला प्रयागबाईने पावडरचा ग्लास समोर ठेवला आणि आत गेली. जगदेवने स्वतः नंबर लावला. दोनदा नुसती रिंग गेली. तिसऱ्यांदा गोविंदसिंगने उचलला.

"काल दिवसभरात काय काय खाल्लं ते सांग," जगदेव म्हणाला. "खरं सांग. रोज आता मीच इचारीन."

गोविंदसिंगने सकाळच्या चहापासून सुरुवात केली. जगदेवने पावडरचा ग्लास तोंडाला लावला. घोटाघोटाने प्यायचा तो ग्लास संपायला त्याला अर्धा तास लागायचा. ग्लास संपला, तरी गोविंदसिंगचं सांगणं संपलं नव्हतं.