गॅस तो गॅस

बाणेरच्या एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस होतं. वरखालच्या मजल्यांवर सगळ्या आयटी कंपन्या, मधे आम्ही तेवढे वीजवाले. कंपनीचं किनाऱ्यावर नैसर्गिक वायूवर चालणारं एक केंद्र होतं आणि साताऱ्याकडच्या पठारावर पवनचक्क्या होत्या. या सगळ्याला मिळून ऑफिसात 'पोर्टफोलिओ' म्हणत. कुठलं केंद्र कधी चालवायचं, कधी दुरुस्तीला काढायचं, वीज कुणाला विकायची, हे पुण्यात बसून पाहणारे आम्ही दोघं होतो: मी आणि वयाने माझ्याहून लहान असलेला एक सहकारी. वायूचं केंद्र माझ्याकडे होतं, पवनचक्क्या त्याच्याकडे.

मी नागपूरची. वडील औष्णिक वीज केंद्रात ऑपरेटर होते. आमचं घर बौद्ध. ऑफिसात हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, लपवलंही नव्हतं. आडनावावरून ज्यांना कळतं त्यांना ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मग समुद्रातल्या विहिरींमधून येणारा वायू आटला आणि माझं केंद्र महिनोन्महिने थंड पडून राहू लागलं. त्याच सुमारास आमच्या साहेबांनी मार्केट यार्डाच्या मागे एक छोटा प्रकल्प विकत घेतला. बाजारातला सडका भाजीपाला मोठ्या बंद टाकीत कुजवायचा आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवून वीज करायची. परदेशी गुंतवणूकदारांना शहरातल्या शहरात दाखवता येईल असं काहीतरी कंपनीला हवं होतं.

साहेब मूळचे पुण्याच्या कसबा पेठेतले. बोलणं मऊ, शिपायालासुद्धा 'आपण' म्हणणारे. मीटिंगमध्ये ते सहकाऱ्यासमोर मला म्हणाले, "मॅडम, हा नवीन प्रकल्प आपण बघावा. किनाऱ्याचं केंद्र यांच्याकडे देऊ."

"सर, मी इतकी वर्षं टर्बाइन चालवलेत. हे काम फार वेगळं आहे."

"अहो, गॅस तो गॅस. शिवाय तिथल्या वासाचा त्रास होणार नाही. तुम्हा लोकांना सवय असते."

"कोणत्या लोकांना?"

सहकाऱ्याने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. साहेब हसले. "विदर्भातल्या म्हणतोय मी. ऊन, धूळ, सगळं सोसलेलं असतं आपण. आम्ही पुणेकर नाजूक."

इतका वेळ 'आपण' म्हणणारा माणूस नेमका एका वाक्यापुरता 'तुम्हा लोकांना' म्हणाला होता आणि लगेच परत 'आपण'वर आला होता. मी उठले. बाहेर जाऊन चूळ भरली. मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, राजीनामा देण्यासारखी परिस्थिती नव्हती. दुसऱ्या दिवशी मी मार्केट यार्डला गेले.

तिथे कोबीची काळी पडलेली पानं, फुटलेले टोमॅटो आणि त्यात मिसळलेलं प्लास्टिक, थर्माकोलच्या पत्रावळी, मेलेल्या घुशी. प्लास्टिक टाकीत गेलं की पंप तुंबायचे. सरकत्या पट्ट्यावरून ते हातांनी वेगळं करायला काही बायका होत्या. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क मावशी मला म्हणाल्या, "मॅडम, रुमाल काढा नाकावरचा. त्यानं जास्तच मळमळतंय."

आठवडाभर माझी मळमळ गेली नाही. जेवण जाईना. पण हळूहळू बायकांसाठी हातमोजे आले, पंप दुरुस्त झाले आणि इंजिन अर्ध्या ताकदीने का होईना, रोज चालू लागलं. आसपासच्या रस्त्यावरचे दिवे त्यावर लागत. घाण होती, पण ती सांगून-सवरून घाण होती. खरी किळस मला पुढे आली.

गुंतवणूकदारांचा दौरा ठरला. साहेब म्हणाले, "अर्ध्या ताकदीवर चालणारं इंजिन कसं दाखवणार? पूर्ण चालायला हवं."

"सर, तेवढा गॅसच होत नाही. जेवढं आहे तेवढं दाखवू. तेही खोटं नाही."

"बघतो मी," ते म्हणाले.

दौऱ्याच्या सकाळी पोचले तर भिंतीमागे भाड्याचा डिझेल जनरेटर धडधडत होता आणि त्याची केबल आमच्या पॅनेलला जोडलेली होती. कचऱ्यावर गुलाबाचा स्प्रे मारला होता. सडका कोबी आणि गुलाब यांचा मिळून जो वास झाला, त्याने मी कोपऱ्यात जाऊन ओकले. परत आले तर पट्ट्यापाशी मावशी नव्हत्या, त्यांच्यातली एकही बाई नव्हती. ऑफिसातल्या रिसेप्शनच्या मुली नव्या हिरव्या जॅकेटांत, डोक्यावर हेल्मेट घालून, ताज्या पालकाच्या जुड्या उचलत उभ्या होत्या.

"बायका कुठायत?" मी सहकाऱ्याला विचारलं.

"त्यांना आज सुट्टी दिली. साहेब म्हणाले, फोटोत बरं दिसत नाही."

पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका पिकल्या केसांच्या गृहस्थाने मला इंग्रजीत विचारलं, इथे रोज कोण काम करतं? मी सांगितलं, रोजच्या बायकांना आज घरी पाठवलंय, आणि तुम्ही बघताय त्यातली निम्मी वीज भिंतीमागच्या डिझेलची आहे.

साहेब मोठ्याने हसले. "मॅडम फार विनोदी आहेत," ते त्याला म्हणाले.

तोही हसला. गाडीकडे जाताना मात्र मागे राहून मला हळूच म्हणाला, "मला जनरेटर ऐकू येतोय. आम्ही जातो तिथे सगळीकडे एखादा असतोच." मग माझ्या खांद्यावर थोपटून तो जेवायला गेला. मी खरं बोलले म्हणून साहेब चिडतील, दौरा फिसकटेल, निदान काही होईल, असं मला वाटलं होतं. काहीच झालं नाही. गुंतवणूक मंजूर झाली आणि साहेबांनी सगळ्यांना श्रीखंड वाटलं. मी माझी वाटी तशीच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, "काल काय होतं हो?"

मी जे झालं ते सांगितलं. त्यांनी हातमोजे चढवले. "पोरींनी पालक धरला?" त्यांनी विचारलं, आणि कामाला लागल्या.

मुलीला कॅम्पसमधून नोकरी लागली त्याच महिन्यात मी राजीनामा दिला. साहेबांनी बसवून घेतलं, चहा मागवला.

"मॅडम, आपण फार मनाला लावून घेता."

"हो," मी म्हटलं. चहा प्यायले नाही.

पुढे दुसऱ्या कंपनीत सौरऊर्जेचं काम मिळालं आणि मी तिथेच टिकले. मार्केट यार्डामागचा प्रकल्प मी सोडल्यावर वर्षभरात बंद पडला, यंत्रं भंगारात गेली. मावशी एकदा मंडईत भेटल्या, लिंबं विकत होत्या. बरं चाललंय म्हणाल्या.