सशाचा कोपरा

ससा ट्रेत बसून निवांत गवत खातोय. लेक नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हा तो माझ्याकडे राहिला. शी-शूची सवय लागावी म्हणून मी ट्रे बाल्कनीत ठेवला होता, पण हा तिकडे फिरकेच ना. लेंड्या सापडायच्या त्या लेकीच्या रिकाम्या खोलीत, तिच्या पलंगामागे.

“अगं आई, कोपरा त्यानं ठरवायचा असतो. ट्रे तिथेच ने,” लेक फोनवर हसली.

नेला, त्यातच एका कडेला गवतही ठेवलं, कारण ससे खाता खाताच शी करतात म्हणे, आणि गडी लगेच शिकला. आपला कोपरा कुठला, हे जनावराला किती पटकन कळतं! मला मेलीला एवढ्या घरात माझा अजून सापडत नाही.

ती खोली मी बंदच करून टाकणार होते. आता दार उघडं ठेवावं लागतं. रोज ट्रे साफ करायला जाते. ट्रे केव्हाच साफ होतो. मी तिच्या पलंगावर बसूनच राहते.