दुसरा ग्लव्ह

मला पितळेचा सोस आहे आणि आमच्या नेपरव्हिलमध्ये पितळ कुणालाच नको असतं, त्यामुळे माझं बरं चाललंय. घर विकून निघालेले लोक गराजमध्ये सामान मांडतात. शेवटच्या दिवशी दुपारी गेलं, की उरलंसुरलं खोक्यांत कोंबून मिळेल त्या किमतीला देऊन टाकतात. आमच्या घरातली समई सोडली तर बाकी सगळं पितळ असंच आलंय. नवरा त्याला भंगार म्हणतो. दिवाळीत पाहुणे आले की त्याच भंगारापुढे उभं राहून "अँटिक आहे" म्हणून सांगणाराही तोच.

नवरात्रातल्या एका शनिवारी मी मागच्या गल्लीतल्या सेलला गेले. गराजच्या तोंडाशी घडीच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. नव्वदीच्या आसपासचा, उन्हातही अंगात जाड स्वेटर. त्याच्या डाव्या हातात बेसबॉलचा चामड्याचा ग्लव्ह होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो एकच प्रश्न विचारत होता.

"ग्लव्ह पाहिलात का?"

लोक हसून पुढे जात होते. मला विचारलं तेव्हा मी त्याच्या हाताकडे बोट दाखवलं. त्यानं हाताकडे पाहिलं, वैतागून मान हलवली आणि माझ्या मागच्या बाईला विचारलं.

"डॅड, तो तुमच्या हातात आहे!" आतून त्याची मुलगी ओरडली. साठीची असेल, मनगटात बांगडीसारखा चिकटपट्टीचा रोल. मग मला कोपऱ्यात घेऊन ती हळू आवाजात म्हणाली, की वडिलांना हल्ली काही आठवतं, काही आठवत नाही. ती त्यांना कायमचं आपल्या घरी, जॉर्जिया राज्यात अल्फारेटाला न्यायला आली होती. घर विकलं गेलं होतं, गुरुवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. आणि हा गृहस्थ ग्लव्ह सापडल्याशिवाय घर सोडणार नाही म्हणून हटून बसला होता. "आता हातात असलेली वस्तू मी कुठून शोधून देऊ?" असं म्हणताना तिचे डोळे भरून आले.

मला तिची कीव आली. त्याची तर आलीच. आणि कीव आली की मी खरेदी करते, ही माझी खोड. कोपऱ्यातल्या एका खोक्यातून घंगाळासारखा पितळी काठ डोकावत होता. सुटं काही मिळणार नाही, अख्खं खोकं न्या, असं ती म्हणाली. मी नेलं.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. त्या दरवर्षी सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतात. बॅगेत चकली, मेतकूट, गोडा मसाला, आणि या सगळ्याच्या मधोमध पंचात गुंडाळलेला सासऱ्यांचा अडकित्ता. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. सासूबाईंना दात नाहीत. इथे सुपारी कोण खातं, असं मी दर वेळी विचारते आणि त्या दर वेळी "असू दे" म्हणून तो उशाशी ठेवतात. मी नाद सोडून दिलाय.

घंगाळ बाहेर काढलं तेव्हा त्या खूश झाल्या आणि लगेच चिंच भिजत घालायला उठल्या. खोक्याच्या तळाशी एक टॉवेल होता. मला वाटलं, पुसायचं फडकं असेल. उलगडला तर आत आणखी एक ग्लव्ह. काळपट, तेलकट, पण जिवापाड जपल्यासारखा मऊ. त्याच्या पोटात पिवळा पडलेला एक बॉल, बॉलवर शाईनं केलेल्या सह्या. खाली लोकरी कापडाचा तिकोनी झेंडा, अक्षरं झिजून गेलेली. आणि पुठ्ठ्याला चिकटवलेला एक जुना फोटो: टोप्या घातलेल्या, गुडघ्यापर्यंत स्कर्ट असलेल्या दहा-बारा पोरी दोन रांगांत, उन्हानं डोळे बारीक केलेल्या.

"या कोण गं?" सासूबाईंनी विचारलं.

मला काय माहीत! इतकी वर्षं इथे राहून आम्ही बेसबॉलची एक मॅच धड पाहिलेली नाही. रेस्टॉरंटच्या टीव्हीवर चालू असली की नवरा "यांचा विटीदांडू" म्हणतो आणि मेन्यूत डोकं घालतो. पण त्या दुपारी त्याच्यात एकदम तज्ज्ञ संचारला. कॉलेजात तो विकेटकीपर होता, हे आमच्या ओळखीत ज्याला ऐकावं लागलं नाही असा माणूस विरळा.

"अगं, हा अर्धाच आहे," ग्लव्ह हातात चढवत तो म्हणाला. "पेअर असते. हा डावा. उजवा त्या आजोबांकडे राहिला. म्हणून तर शोधतायत ते!"

"पण त्यांच्याही डाव्याच हातात होता."

"उलटा घातला असेल. तूच म्हणालीस ना, आठवत नाही त्यांना."

मी फोनवर बेसबॉलचे फोटो शोधून दाखवले. प्रत्येक खेळाडूच्या एकाच हातात ग्लव्ह. "फोटोसाठी दुसरा काढून ठेवला असेल," नवरा म्हणाला. "मी कीपिंग केलंय यार, मला सांगू नकोस." त्याच्या आवाजात इतकी खात्री होती की समोरचा फोटोच मला खोटा वाटायला लागला.

मग त्यानं सगळ्या वस्तूंचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले आणि होता नव्हता तो उजेडही गेला. शॉमबर्गच्या एका काकांनी लिहिलं, हे म्युझियममध्ये ठेवण्यासारखं आहे, हात लावू नका. दुसऱ्या कुणी लिहिलं, असले बॉल दुकानात छापील सह्यांसकट मिळतात. एका काकूंनी घंगाळाचीच चौकशी केली. माझं डोकं भणाणून गेलं. वस्तू माझ्या ओट्यावर होती आणि ती सोनं की माती, हे मला सांगता येत नव्हतं.

सासूबाईंना मात्र एकच काळजी होती. उद्या खंडेनवमी. घरातली अवजारं, हत्यारं पुजायची. दरवर्षी आमच्या पाटावर विळी, कात्री, नवऱ्याचा स्क्रूड्रायव्हरचा सेट आणि लॅपटॉप असतो. खेळाचं सामान घरात आलंय तर तेही मांडू, असं त्या आधी म्हणाल्या होत्या. अर्धी जोडी आहे म्हटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला.

"खंडित वस्तू पूजेला चालत नाही. जा, दुसरा घेऊन ये त्यांच्याकडून."

"अहो आई, तो त्यांचा जीव की प्राण आहे. ते कसे देतील?"

"मग हा देऊन ये त्यांना. कुठेतरी एका जागी दोन असू देत." आणि त्या पुन्हा घंगाळ घासायला लागल्या.

नवरा म्हणाला, देऊ नकोस, आधी किंमत कळू दे. मी म्हटलं, बघते. आणि ग्लव्ह कापडी पिशवीत घालून निघाले. खरं सांगते, मागायला निघाले होते की द्यायला, हे मला त्या घराची बेल वाजवेपर्यंत ठरवता आलं नाही. मेपलची पानं रस्ताभर पडली होती आणि माझ्याच पायांचा आवाज मला नको झाला होता.

मुलीनं दार उघडलं. मागे घर रिकामं, नुसती खोकी. मला पाहून तिला वाटलं, मी तक्रार घेऊन आलेय. मी घाईघाईनं ग्लव्ह बाहेर काढला आणि तोंडाला येईल त्या इंग्रजीत म्हटलं, "हा तुमच्या खोक्यात होता. याचा दुसरा तुमच्या वडिलांकडे आहे. दोन्ही एकत्र असायला हवेत ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग लहान मुलाला समजवावं तसं तिनं समजावलं. ग्लव्ह एकच असतो. एका हातानं बॉल पकडायचा, दुसऱ्या हातानं फेकायचा. दुसरा हात मोकळाच लागतो. हे दोन्ही डाव्या हाताचे आहेत. जोडीचा प्रश्नच येत नाही.

मी कानापर्यंत लाल झाले. मनातल्या मनात मी कॉलेजच्या त्या विकेटकीपरचा उद्धार केला. "सॉरी," मी म्हटलं आणि ग्लव्ह परत पिशवीत घालायला लागले.

"दोन लागतात."

म्हातारा आतल्या दारात उभा होता, वॉकरला टेकून. एका हातात त्याचा तो ग्लव्ह होताच.

"डॅड, प्लीज," मुलगी म्हणाली.

"ती बाई बरोबर बोलतेय. दोन लागतात." त्यानं माझ्या हातातला ग्लव्ह घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. "एकट्यानं कॅच-कॅच खेळता येतं का? हा तुझ्या आईचा."

"आई कधीच खेळली नाही," मुलगी म्हणाली. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, बहुतेक मी साक्षीदार होते म्हणून.

मला काय करावं ते कळेना. दोघांपैकी कोणाचं खरं मानायचं? आठवण गेलेल्या माणसाचं, की आईला आयुष्यभर ओळखणाऱ्या मुलीचं? मग मला तो फोटो आठवला. फोनवरच होता, मंडळाच्या ग्रुपात. मी फोन पुढे केला.

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सारला आणि मागच्या रांगेतल्या एका पोरीवर बोट ठेवलं. त्याच्या बोटानं चित्र मोठं झालं. रुंद कपाळ, पुढे आलेली हनुवटी. मी फोनवरून नजर उचलली तर तेच कपाळ आणि तीच हनुवटी माझ्यासमोर उभी होती, मनगटात चिकटपट्टीचा रोल घालून.

कारखान्याची टीम होती, तो सांगत होता. लग्नाआधी. सह्या केलेला तो बॉल टीमनं तिला लग्नात दिला. लग्नानंतर रोज संध्याकाळी मागच्या अंगणात तो तिला बॉल टाकायचा आणि ती त्याला. जोरात टाकायची, तळहात झणझणायचा. मग तिचा खांदा गेला, आणि मुलगी झाली, की आधी मुलगी झाली, ते त्याला आठवत नव्हतं. तिनं ग्लव्ह टॉवेलात गुंडाळून ठेवला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

"मला कुणी सांगितलं का नाही?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज दहा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता. "इतके दिवस मी यांना सांगतेय, तुमच्या हातात आहे, तुमच्या हातात आहे."

म्हाताऱ्यानं बायकोचा ग्लव्ह मुलीच्या डाव्या हातात घातला, बोटं नीट बसवली. मग एका खोक्यातला पॅकिंगचा कागद ओढून त्याचा बोळा केला, वॉकर सोडून भिंतीला पाठ टेकली आणि तो बोळा टाकला. तो कसाबसा अर्ध्या खोलीपर्यंत गेला. मुलीनं पुढे झुकून तो पकडला आणि छातीशी धरून उभी राहिली. मी तिथे काय करत होते कुणास ठाऊक, पण माझ्याच्यानं हलवेना, आणि मी रडत होते.

"तुझी आई यापेक्षा लांब उभी राहायची," तो म्हणाला. मग इकडेतिकडे, रिकाम्या भिंतींकडे पाहून, "चल. कोट कुठे आहे माझा?"

घरी आले तेव्हा सासूबाई चकचकीत घंगाळात झेंडूची फुलं सोडत होत्या.

"मिळाला का दुसरा?"

"मिळाला," मी म्हटलं. "त्यांच्याकडेच आहेत दोन्ही."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नवऱ्यानं विचारलं, पुष्कळ विचारलं. मी सगळं सांगितलं, तसा तो अंधार पडायच्या आत फोटो, झेंडा आणि सह्यांचा बॉल स्वतःच नेऊन देऊन आला. ग्लव्ह एकच असतो, हे त्यानं अजून तोंडानं कबूल केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाट मांडला. विळी, कात्री, स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप. सासूबाई आंघोळ करून आल्या, उशाजवळचा पंचा उलगडला आणि अडकित्ता लॅपटॉपशेजारी ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी तो पाटावर कधीच ठेवला नव्हता. ठेवल्यावर त्याचे दोन्ही दांडे त्यांनी हळूच मिटवले.

मी त्याला हळदकुंकू लावलं आणि सगळ्यांत मोठं फूल त्याच्यावर वाहिलं.